मे महिन्यात श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सर्फिंग: नियोजनासाठी भरवशाची माहिती कुठे पाहावी?

रेवातीर (इंदूर)

नमस्कार. मी, माझे यजमान आणि यंदा बारावीची परीक्षा देणारी आमची मुलगी असे तिघे मे महिन्यात दहा दिवसांसाठी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, बहुधा वेलिगामा येथे, जाण्याच्या विचारात आहोत. मुलीला सर्फिंग शिकायचे आहे. तिच्या आग्रहामुळे यजमानांनीही एकदा बोर्डवर उभे राहून पाहण्याचे कबूल केले आहे, आणि मी काठावर बसून दोघांच्या चपला सांभाळणार आहे. मुलगी आठ वर्षे तरणतलावात नियमित पोहते आणि महेश्वरला नर्मदेतही पोहली आहे. समुद्राशी मात्र तिची ओळख दिवेआगरला गुडघाभर पाण्यात उभे राहण्यापुरतीच आहे.

अडचण अशी की माहिती शोधायला बसले की सुंदर छायाचित्रे खूप मिळतात, पण प्रत्येक लेखात लिहिणाऱ्याचाच किनारा सर्वोत्तम असतो. लाटा, हवामान, रेल्वे आणि व्हिसा या बाबतींत आपण कोणत्या ठिकाणी माहिती पाहता आणि ती कशी पडताळता, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

ताई, साधने सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती चुकली तर बाकीची सगळी तयारी वाया जाईल. मे महिना दक्षिण किनाऱ्यासाठी योग्य नाही. तेथे सर्फिंगचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि ते समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येत असल्यामुळे लाट नीट उभी राहण्याआधीच विस्कटते, पाणी गढूळ होते आणि मागे ओढणारे प्रवाह बळावतात. त्याच काळात बेटाच्या पूर्वेकडे, अरुगम बे येथे, तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून तेथला हंगाम साधारण एप्रिलअखेरीपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. आपल्याकडचे लोक मुलांच्या सुट्ट्या पाहून तिकिटे काढतात आणि मग किनारा निवडतात. येथे आधी महिना, मग किनारा, आणि तिकीट सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा लागतो.

आता साधनांविषयी. मी सर्वांत आधी उपग्रह-नकाशा उघडतो. त्यात खाडीचा आकार, पांढरी फेसाची रेघ नेमकी कोठे उमटते आणि तिच्याखाली फिकट वाळू आहे की काळपट खडक, हे बऱ्यापैकी दिसते. वेलिगामाचा अर्थच मुळी वाळूचे गाव असा आहे. त्या रुंद खाडीचा तळ वाळूचा असल्यामुळे शिकाऊ माणूस पडला तरी फारसे बिघडत नाही. तेथून काही किलोमीटर पश्चिमेला असलेल्या मिडिगामाला मात्र लाटा खडकावर फुटतात. तिसऱ्याच दिवशी आत्मविश्वास वाढल्यामुळे मी तेथे उतरलो आणि चुकून पाय खाली टेकवला. समुद्री साळूचे सात काटे टाचेत मोडले. बाहेर येऊन पाहिले तर तळव्यावर कोणीतरी पेनाने ठिपके काढल्यासारखे दिसत होते, आणि पुढचे चार दिवस मी चवड्यांवर चाललो. म्हणून एखाद्या ठिकाणाच्या वर्णनात ‘रीफ’, म्हणजे पाण्याखालचा खडक, हा शब्द दिसला की मुलीच्या यादीतून ते ठिकाण खुशाल काढून टाका.

बोर्ड भाड्याने घेताना त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि खालच्या पंखांचे छायाचित्र दुकानदारासमोरच काढून ठेवा. आधीच तडकलेल्या एका पंखाचे पैसे मी भरलेले आहेत.

वाऱ्याची_दिशा

लाटांच्या अंदाजासाठी सर्फलाईन, सर्फ-फोरकास्ट, विंडगुरू आणि विंडी ही संकेतस्थळे उपयोगी आहेत. जुन्या लेखांतून मॅजिकसीवीडचे नाव वारंवार भेटेल, पण ते २०२३ मध्ये सर्फलाईनमध्ये विलीन झाले, त्यामुळे ते दुवे शोधण्यात वेळ घालवू नका. भारतीय वाचकांना सहसा ठाऊक नसलेले आणखी एक ठिकाण म्हणजे हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस. समुद्रस्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे ते मच्छीमारांसाठी देते. दक्षिणेकडून मोठी लाट येत असल्यास ते पान आवर्जून पाहावे.

तथापि तक्ता उघडणे आणि तो वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नवखा माणूस फक्त लाटेची उंची पाहतो. तिच्या शेजारी सेकंदांत दिलेला आकडा, म्हणजे दोन लाटांमधील अंतराचा काळ, तितकाच महत्त्वाचा असतो. एक मीटर उंचीची लाट ७ सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठलेली किरकोळ खळबळ असते; तीच एक मीटर लाट १४ सेकंदांची असेल तर ती दक्षिण महासागरातील एखाद्या वादळातून निघून आलेली असते, तिच्यात बरीच अधिक शक्ती साठलेली असते आणि उथळ पाण्यात ती अपेक्षेपेक्षा उंच होऊन फुटते. अशा लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने सरकतो, म्हणजे सहा हजार किलोमीटर यायला त्याला सहा दिवसांहून अधिक लागतात. पाच-सहा दिवस आधीच्या अंदाजाला काही अर्थ असतो, तो यामुळेच. महिनाभर आधीचा अंदाज मात्र करमणूक म्हणूनच वाचावा.

तिसरा रकाना वाऱ्याचा. जमिनीकडून येणारा मंद वारा उत्तम, आणि तो बहुतेक वेळा पहाटे मिळतो. साडेसहाला पाण्यात असाल तर नऊपर्यंत चांगले शिकणे होते, पोहे त्यानंतर. भरती-ओहोटीचा फरक तेथे एक मीटरहून कमी असतो, त्यामुळे वाळूच्या खाडीत भरतीच्या वेळापत्रकाची फार चिंता करण्याचे कारण नाही.

रेवातीर (इंदूर)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मे महिन्याचा हट्ट सोडला. मुलीचा शेवटचा पेपर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो, तेव्हा ५ ते १५ एप्रिल दक्षिणेला जावे, की मेअखेरीस अरुगम बे गाठावे? शिवाय कोलंबोहून वेलिगामाला रेल्वेने जाता येते असे वाचले. ते सामानासह खरोखर सोयीचे आहे का?

आगगाडीवेडा (वडोदरा)

रेल्वेचे मी सांगतो. कोलंबो फोर्टहून मातरकडे जाणारा किनारी मार्ग हिक्कडुवा, गॉल, अहंगामा, मिडिगामा आणि वेलिगामा या सर्व ठिकाणांवरून जातो आणि वेलिगामाला पोहोचायला साधारण तीन तास लागतात. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला असतो. गंमत अशी की गॉलला गाडी दिशा बदलते, त्यामुळे तेथून पुढे समुद्र डावी-उजवी बदलतो आणि जागा अडवून बसलेल्यांचा हिरमोड होतो. गाड्यांच्या वेळा श्रीलंका रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहाव्यात आणि डबे, आरक्षण यांचा खुलासा सीट सिक्स्टी-वन या प्रवासी संकेतस्थळावर वाचावा. तेथील माणूस फलाटावर उभा राहून लिहिल्यासारखे लिहितो. गर्दीच्या वेळी विनाआरक्षित डब्यात मोठ्या बॅगा घेऊन चढणे म्हणजे आपल्याकडच्या लोकलचाच अनुभव आहे. तिघांचे सामान अधिक असेल तर विमानतळावरून मोटारीने दक्षिण द्रुतगती मार्ग घ्या आणि रेल्वेची हौस वेलिगामाहून गॉलचा किल्ला पाहायला जाताना भागवा.

अरुगम बेला रेल्वे नाही. कोलंबोहून रस्त्याने ३०० किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि दिवस त्यातच जातो.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

ताई, शिकाऊ मुलीसाठी मी निःसंशय एप्रिलच निवडेन. हंगामाची अखेर असल्यामुळे गर्दी ओसरलेली असते. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, पण सकाळ बहुधा मोकळी मिळते. एकच सावधगिरी: १३-१४ एप्रिलच्या सुमारास सिंहली आणि तमिळ नववर्ष असते. त्या दिवसांत दुकाने, उपाहारगृहे आणि शिकवणारी मुलेसुद्धा घरी जातात, आणि गाड्या-बस तुडुंब भरतात. म्हणून शिकवणीचे दिवस ६ ते ११ मध्ये बसवा आणि परतीचा रस्ता-प्रवास १२ च्या आत उरका, किंवा नववर्षाचे दोन दिवस मुक्कामीच राहून शांतपणे काढा.

व्हिसाचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, त्यामुळे कोणाच्याही जुन्या उत्तरावर, माझ्यासुद्धा, विसंबू नका. अर्जाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट एलके’ने संपतो की नाही तेवढे तपासा. माझ्या मेव्हण्याने शोधात सर्वांत वर आलेल्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या पानावर अर्ज भरला आणि अधिकचे पैसे मोजले.

वाऱ्याची_दिशा

एक राहिले. प्रवासविमा घेताना सर्फिंग त्यात धरले आहे का, हे अटींत शोधा. ‘साहसी खेळ’ या शीर्षकाखाली ते पुष्कळदा वगळलेले असते. आणि मुलीला निघण्यापूर्वी मागे ओढणाऱ्या प्रवाहाची ओळख अवश्य करून द्या. महेश्वरला पोहणाऱ्याला हे समजावणे सोपे जाते: नदीत जसे धारेशी झगडत उलट न जाता तिरकस काठ गाठतो, तसे येथे किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर यायचे आणि मगच किनाऱ्याकडे वळायचे. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसला तर तो पोहायला सोयीचा वाटतो. बहुधा प्रवाह तोच असतो. पहिल्या दिवशी पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे काठावर उभे राहून तिने तो पट्टा स्वतः शोधून प्रशिक्षकाला दाखवावा.

रेवातीर (इंदूर)

तिकिटे ५ ते १२ एप्रिलची पाहत आहे. प्रवाहाचा पट्टा शोधण्याचे काम मुलीबरोबर यजमानांनाही देते, म्हणजे बोर्डवर चढण्याआधी त्यांची दहा मिनिटे तरी सुरक्षित जातील.