मुलगी लिटल अंदमानला कासवं मोजायला चाललीय, कडक भाकरी टिकेल का?

टॉवेलवाले काका, सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे. थोरली एमएस्सी झाली. डिसेंबरात तीन महिने लिटल अंदमानला जाणार, समुद्री कासवांच्या अभ्यासात मदतनीस म्हणून. मागच्या बुद्धपौर्णिमेला नान्नजच्या अभयारण्यात प्राणी मोजायला रात्रभर मचाणावर बसली होती. काळवीट दिसले, माळढोक नाही. सकाळी तोंड इतकं उतरलेलं, की तेव्हाच ओळखलं, ही काय बँकेच्या परीक्षा देत नाही.

माझी हरकत नाही. पण रात्र-रात्र किनाऱ्यावर चालून मोजायचं काय? सकाळी वाळूतले माग मोजून भागत नाही का? आणि तिच्या आजीनं साठ कडक भाकऱ्यांचा बेत केलाय. तिकडं टिकतील?

खारीहवा
काका, दोन हंगाम तिथं काढलेत. माग सकाळी मोजतातच. पण तिथल्या लेदरबॅक जातीच्या कासवाची मादी साधारण दहा दिवसांनी पुन्हा अंडी घालायला वर येते, एका हंगामात चार-पाच वेळा तरी. नुसते माग धरले तर एका कासवाची पाच होतात. म्हणून ती अंडी घालत असतानाच खांद्यात तांदळाएवढी ओळख-नंबराची चिप टोचायची आणि पाठीवर टेप धरायची. दीड मीटरच्या आसपास भरते. इतर कासवांसारखं टणक कवच नाही. ओल्या टायरच्या ट्यूबवर हात ठेवल्यागत लागतं. बॅटरी लाल उजेडाचीच द्या. पांढरा झोत पडला तर वर येणारी मादी तशीच माघारी फिरते.

२००४ च्या त्सुनामीत तिथले किनारे धुऊन गेले होते. वाळू पुन्हा साठली, कासवं परत आली, २००८ पासून मोजणी चालू आहे. उपग्रहाचं यंत्र लावलेलं त्यातलं एक कासव १३ हजारांवर किलोमीटर पोहून मोझांबिकला पोचलं!

भाकरीचं म्हणाल तर चौथ्या दिवशी तिची पोळीसारखी घडी पडते, इतकी दमट हवा. वीस द्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. शेंगाचटणी मात्र दुप्पट. माझी पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी मिळून संपवली होती.

माळावरची
मच्छरदाणी विसरू नका. आणि ओढ्याच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, तिथं एकटीनं जायचं नाही. आजींना हे सांगू नका.

टॉवेलवाले काका, सोलापूर
उशीर झाला ताई, मी आईला मोठ्यानं वाचून दाखवत होतो.

मोजणीचं पटलं. आमच्याकडं तपासलेल्या गठ्ठ्याला चिठ्ठी लावली नाही तर तोच दुपारी पुन्हा टेबलावर येतो, आणि संध्याकाळी हिशेब गंडतो. भाकऱ्या वीसवर आणल्यात. मगरीचं आईनं काय फारसं घेतलं नाही. आई विचारतेय, चिप टोचताना कासवाला दुखतं का?