लिटल वॉल्टरच्या ‘ज्यूक’चा आवाज: माइकमुळे की हातांमुळे?

प्रश्न
ब्लूज हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरची ‘ज्यूक’ ही धून बसवतोय. ए पट्टीचा दहा छिद्रांचा हार्मोनिका आहे, गाण्याचा साधा डायनॅमिक माइक थेट गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पला जोडलाय. आवाज पातळ आणि टोचरा येतो, व्हॉल्यूम वाढवला की अ‍ॅम्प शिट्टी मारतो. बुलेट माइक (हार्मोनिकावाले ओंजळीत धरतात तो गोळीच्या आकाराचा) घ्यावाच लागेल का? शिवाय बेसवादक विली डिक्सनचा बेस कितीही कान देऊन ऐकला तरी सापडत नाही.

उत्तर १
सापडणार नाही, कारण त्यात बेस नाहीच. १२ मे १९५२ ला शिकागोत झालेल्या त्या ध्वनिमुद्रणात वॉल्टरबरोबर मडी वॉटर्स आणि जिमी रॉजर्स यांच्या दोन गिटारी आणि एल्गा एडमंड्सचे ड्रम्स, एवढंच. खालची चाल गिटारच धरते. डिक्सनचं नाव वॉल्टरशी जोडलं जातं ते ‘माय बेब’मुळे, १९५५ चं ते गाणं त्याने लिहिलेलं. ‘ज्यूक’ मात्र चेस या रेकॉर्ड कंपनीच्या चेकर लेबलवर आलं आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. शब्द नसलेली हार्मोनिकाची तबकडी, हे लक्षात घ्या!

पडद्यामागचं एक नाव इथे घ्यायलाच हवं: ध्वनिमुद्रक बिल पटनम. चेस तेव्हा त्याच्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करून घेत. १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या हार्मोनिका त्रिकुटासाठी याच पटनमने बाथरूमचा घुमारा वापरून कृत्रिम प्रतिध्वनी दिला होता. त्या काळच्या शिकागोच्या तबकड्या ऐकताना स्टुडिओचा हा हातही जमेस धरायचा, सगळं श्रेय अ‍ॅम्पला देऊ नये.

उत्तर २
बुलेट माइक नंतर बघा. आधी इम्पीडन्स (विद्युत अवरोध) सांभाळा. तुमचा माइक काहीशे ओहमचा, गिटार अ‍ॅम्पचं इनपुट साधारण दहा लाख ओहमचं. मध्ये हा फरक जुळवणारा लो-टू-हाय ट्रान्सफॉर्मर लावला की सिग्नल लगेच भरीव होतो. मग ट्रेबल २-३ वर, बेस ६-७ वर.

शिट्टीचं कारण बहुतेक वेळा पहिली प्रीअ‍ॅम्प ट्यूब (सिग्नल सुरुवातीला वाढवणारी) असते. १२एएक्स७ चा गेन फॅक्टर १००, १२एवाय७ चा साधारण ४४. सॉकेट तोच, अ‍ॅम्प बंद करून ट्यूब थंड झाल्यावर पहिलीच्या जागी दुसरी बसवायची. व्हॉल्यूम बराच वर नेता येतो आणि शेवटच्या पॉवर ट्यूबचा आवाज फाटायला लागतो. हवा असलेला खरखरीतपणा तिथला. स्पीकरच्या तोंडासमोर उभं राहू नका.

जुना क्रिस्टल माइक घेतलाच तर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. आतला रोशेल सॉल्टचा स्फटिक उष्णतेने आणि दमटपणाने कायमचा मरतो.

उत्तर ३
वरचं सगळं बरोबर, पण अ‍ॅम्प बंद ठेवून एक तपासणी करा. माइक आणि हार्मोनिका दोन्ही हातांच्या ओंजळीत धरा, दोघांत सेंटीमीटरभर पोकळी. २ नंबरचं छिद्र ओढा (श्वास आत घेत वाजवा) आणि ओंजळ उघड-बंद करा. बंद केल्यावर स्वर स्पष्टपणे जाड आणि काळोखा झाला नाही तर कुठेतरी हवा गळतेय. बहुधा करंगळीखालून, नाहीतर अंगठ्याच्या बुडाशी. गळतीत खालचे स्वर निसटतात, उरतो तो टोचरा भाग.

दुसरं, ओठ चंबू करून वाजवत असाल तर ते सोडा. तोंडात चार छिद्रं घ्या, डावीकडची तीन जिभेने झाका, उजवं मोकळं. जीभ उचलली की पूर्ण कॉर्ड, ठेवली की एकच स्वर. त्या फटक्यातून चाल उसळते. ३ ते ६ तोंडात घेऊन मधली दोन झाकून फुंका, ई चा सप्तक मिळेल. ‘ज्यूक’ ई मध्ये आहे, म्हणजे ए च्या हार्मोनिकावर ई पट्टी, यालाच सेकंड पोझिशन म्हणतात. घरचा स्वर (ई) २ ओढ. ३ ओढ अर्धा स्वर खाली वाकवून जी वर थांबता आलं पाहिजे. तो जी जरा चढा राहिला तरी ब्लूज जातो, म्हणून ट्यूनर समोर ठेवून तेवढाच स्वर रोज धरा.

प्रश्नकर्ता
गळती सापडली, उजव्या करंगळीखाली. ट्रान्सफॉर्मर मागवतोय, तोवर अ‍ॅम्प बंदच.