तिळगूळ दिला, पण बोलणं बंद : मतं जुळत नसलेल्या माणसांचे तुमचे अनुभव

गोदाकाठची :
संक्रांतीला घरच्या ग्रुपवर हलव्याच्या दागिन्यांचे फोटो चालले होते. त्यात चुलतभावाने मराठवाडा विद्यापीठाच्या गेटचा फोटो टाकला, १४ जानेवारी, नामविस्तार दिन म्हणून. पाच मिनिटांत एक काका ग्रुप सोडून गेले. वहिनी म्हणाली, आज तरी राजकारण नको.

मला परभणीचं घर आठवलं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा मी सातवीत. अण्णा शाळामास्तर, सेवादलातले, उघड नामांतरवादी. शेजारचे नाना कट्टर विरोधक. माणूस वाईट नव्हता. निजामाच्या तुरुंगात राहून आलेला. म्हणायचे, मराठवाडा हे नाव आम्ही रझाकारांचा मार खाऊन मिळवलंय. अण्णांचं उत्तर ठरलेलं : मार खाल्लात म्हणून नाव तुमच्या एकट्याच्या मालकीचं होत नाही. मग दोघांचं बोलणं बंद.

त्याच आठवड्यात गवळ्याने आमचा रतीब तोडला. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून नानांच्या घरचा तांब्या यायला लागला. आई नको म्हणाली तर नाना ओट्यावरून ओरडले, "भांडण मास्तरांशी आहे, पोरींच्या चहाशी नाही!" मतं मात्र शेवटपर्यंत बदलली नाहीत, दोघांचीही.

तुमच्याकडे असं कोणी होतं? आहे? लिहा.

चहाबाज : पहिला! कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांनंतर वाचतो.

वांगीभरीत : सासरे. बस, एवढंच लिहिते, ते शेजारी बसलेत.

चहाबाज : @वांगीभरीत 😂 फोनचा उजेड कमी करा.

लिंबूटिंबू :
आमच्याकडे आत्ताचंच. बीड जिल्हा. २०२४ च्या निवडणुकीनंतर बाबांनी कटिंगचं दुकान बदललं, चाळीस वर्षांचं. का विचारलं तर "आता तिकडं बरं वाटत नाही". ना त्यांनी काही बोललं ना यांनी. मराठा-ओबीसी आरक्षणावर दोघांचंही म्हणणं मला कळतं, खरं सांगते. कोरडवाहू शेती बाबांचीही आणि त्यांचीही, पोरं दोघांचीही पुण्यात दहा बाय दहात. पण हे बाबांना सांगायला गेले तर "तू पुण्याला राहून शहाणी झालीस". दिवाळीत मीच भावाच्या पोराला घेऊन जुन्या दुकानात गेले. काकांनी पैसे घेतले नाहीत. बाबांना अजून सांगितलेलं नाही. पुढचं नंतर, बस आली.

निळी_छत्री :
धागा चांगला आहे. एक विचारते, राग नसावा. तुमच्याकडे दूध आलं. दलित वस्तीत त्या आठवड्यात कोण काय घेऊन गेलं?

आमचं गाव नांदेडकडचं. आजीने सांगितलेलं एवढंच, की धान्याची कणगी जळाली आणि जळलेल्या ज्वारीचा वास कितीतरी दिवस जात नव्हता. ठरावानंतर साडेपंधरा वर्षं गेली, आणि १९९४ ला मिळाला तो नामविस्तार, म्हणजे आंबेडकरांचं नाव, पण 'मराठवाडा' तसंच ठेवून. वडील आजही "नामांतर" म्हणतात, मग थांबतात, मग "विस्तार" जोडतात. समजून घ्या, समजून घ्या हे आम्हाला लहानपणापासून ऐकवलंय. आम्ही घेतोच. ऑफिसात रोज घेते. समोरच्यानेही कधीतरी सुरुवात करावी की.

चहाबाज : हे वाचून मघाचा विनोद नको होता असं वाटलं. +१.

गोदाकाठची :
@निळी_छत्री, राग कसला. नाना वस्तीत गेले नाहीत, कधीच नाही. अण्णा गेले तिसऱ्या दिवशी, अर्धं पोतं ज्वारी घेऊन, तेही अंधार पडल्यावर. अंधाराची वाट का पाहिली याची लाज त्यांना म्हातारपणी वाटायची, आईला सांगायचे. मी हे वर लिहिलं नव्हतं. नानांची गोष्ट सांगायला सोपी जाते म्हणून असेल.

निळी_छत्री : 🙏 अर्धं पोतं म्हणजे कमी नाही त्या दिवसांत.

कोरडी_विहीर :
मामा बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत (गावची विहीर दलितांनाही खुली करा, ही मागणी) फिरले होते, १९७२ च्या दुष्काळानंतर. त्यांची एक गोष्ट कायम. गावात जाऊन समतेवर बोलायला लागलं की माणसं धोतर झटकून उठायची. मग मामांनी पद्धत बदलली. आधी विचारायचं, विहिरीला पाणी किती परस, बैल कुठले विकले, चारा कुठून आणता. तासभर ऐकायचं. मग हळूच : आणि ही माणसं पाणी कुठून भरतात? कधी कधी तेव्हाही उठून जायचे, पण निदान मान खाली घालून. शेवटचा प्रश्न मात्र मामांनी एकाही गावात गाळला नाही, नाहीतर नुसतीच पाहुणचाराची भाकरी खाऊन परत आलो असतो म्हणायचे. एकदा चहा वेगळ्या कपात आला तेव्हा प्यायले नाहीत, यावरून मामी अजून चिडते. "उन्हातान्हाचं, प्यायचा ना!"

सातासमुद्रापार :
इथे कॅलिफोर्नियात २०२३ ला जातिभेदाविरुद्धचं विधेयक आलं तेव्हा आमच्या गणपतीच्या तयारीत अशीच फाटाफूट. "इथे कुठे जात असते?" म्हणणारे काका आणि आडनाव विचारल्यावर गप्प होणारा एक मुलगा, एकाच टेबलावर मोदक वळत होते. ऑक्टोबरात गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, काकांनी पेढे वाटले. तो मुलगा पुढच्या वर्षी आला नाही. मी त्याला फोन करायला हवा होता, केला नाही.

लिंबूटिंबू : @सातासमुद्रापार करा की आता. (बसमध्ये जागा मिळाली.)

वांगीभरीत :
सासरे झोपले. तर : ते मला रोज सकाळी फॉरवर्ड पाठवतात, मी रोज खोटं आहे म्हणून दुवा पाठवते. तीन वर्षं. मागच्या महिन्यात मला डेंगी झाला तर फॉरवर्ड बंद. बरी झाल्यावर पहिला आला, खाली लिहिलेलं, "हे खरं आहे का बघ". बघितलं. खोटंच होतं 😄

चहाबाज : प्रगती आहे! विषयांतर : कोणी तिळगुळाची कृती देईल का? आमचा लाडू फोडायला वरवंटा लागला.

गोदाकाठची : पाक जास्त झाला. चिक्कीचा गूळ नको, साधा घ्या, थोडं तूप घाला, गरम असतानाच वळा.

निळी_छत्री : आणि दाण्याचं कूट जाडसर. आजी अर्धं भाजकं खोबरंही घालायची.