डिझेलवर पाच रुपये सबसिडी मिळाली तर ते आपल्या हातात राहतील का?

रबाळे_कोटिंग
रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगचं युनिट. क्युरिंग ओव्हन (पावडर भाजून पक्की करणारी भट्टी) डिझेल बर्नरवर, २०० अंशाला. महिन्याला २,००० लिटर लागतं. लहान युनिटांना डिझेलवर लिटरमागे ५ रुपये सबसिडी मागायची असं आमच्याकडे चाललंय, म्हणजे महिन्याला १०,००० सुटतील. मागणी योग्य आहे का, की सरळ गॅसवर जावं? आकड्यांत सांगा.

हिशेब_तुर्भे
ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले, तेव्हापासून आपल्यासाठी त्यात सबसिडी नाही, करच आहे. ठाणे-नवी मुंबईतला व्हॅट २०२४ मध्ये २४ वरून २१ टक्क्यांवर आला. ९० रुपये लिटर धरलं तर त्यात व्हॅटच साधारण १५ रुपये, एक्साइज वेगळी. डिझेल जीएसटीबाहेर, त्यामुळे यातलं एक रुपयाही क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळत नाही. एलपीजीच्या कमर्शियल बिलावर १८ टक्के जीएसटी असतो, पण तुमच्या जॉबवर्कवर जीएसटी लागत असेल तर तो वळता होतो. मागायचंच तर डिझेल जीएसटीत आणा असं मागा. ५ रुपयांपेक्षा ते कितीतरी मोठं आहे.

भट्टी_महापे
लिटरवर हिशेब करू नका, जॉबपर्यंत (कोटिंगच्या मालापर्यंत) पोचलेल्या उष्णतेवर करा. डिझेलची ज्योत थेट ओव्हनमध्ये सोडली की काजळीने पांढऱ्या जॉबवर काळे ठिपके येतात, म्हणून मध्ये हीट एक्स्चेंजर घालावा लागतो आणि बरीच उष्णता चिमणीतून जाते. जॉबपर्यंत ६५ टक्केच पोचते असं धरा. गॅस थेट जाळता येतो, ८५ टक्के.

डिझेल: लिटरला ८,५०० किलोकॅलरी. ९० रुपये भावाने कामाच्या १,००० किलोकॅलरीला १६.३० रुपये. ५ रुपये कमी झाले तरी १५.४०.
एलपीजी: किलोला १०,९००. जीएसटी वगळून ९० रुपये धरले तर ९.७०.

म्हणजे तुमचं २,००० लिटरचं काम साधारण १,२०० किलोत होतं. १,८०,००० च्या जागी १,०८,०००. आपल्या बिलातले भाव घालून पुन्हा करून बघा. सबसिडीने १०,००० वाचतील खरे, पण त्या नादात बर्नर बदलायचं राहून जाईल, हे मला जास्त घातक वाटतं.

डिझेल बर्नरचा नुसता नोझल बदलून गॅस चालत नाही. बर्नर आणि गॅस ट्रेन (बर्नरआधीची व्हॉल्व्ह-रेग्युलेटरची जोडणी) दोन्ही नवीन. पेटवण्याआधी ब्लोअरने ओव्हन झाडून घेणारा पर्ज टायमर बायपास करू नका, साचलेल्या गॅसचा स्फोट होतो.

खरेदी_वागळे
पैसा हातात राहतो का, हा खरा प्रश्न. सबसिडी जाहीर होते, त्यामुळे मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याला त्याच दिवशी कळते आणि पुढच्या तिमाहीला रेट खाली मागितला जातो. ती बंद झाल्यावर रेट वर जात नाही, कारण पीओत (परचेस ऑर्डरमध्ये) स्टीलचा भाव बदलला तर रेट बदलण्याचं कलम असतं, इंधनाचं नसतं. इंधनाचं कलम आधी घालून घ्या: ठरल्या तारखेचा मूळ भाव, ५ टक्क्यांच्या वर-खाली गेल्यावरच फरक, तिमाही आढावा. रेटमध्ये इंधन १५ टक्के असेल तर इंधन १० टक्के हललं की रेट दीड टक्का हलावा.

शिवाय दोन भाव झाले की माल स्वस्ताकडे पळतो. मार्च २०२२ मध्ये मुंबईत घाऊक डिझेल १२२.०५ आणि पंपावर ९४.१४ होतं, घाऊकवाले पंपावर आले. लहान युनिटांना वेगळा भाव दिला की त्यांच्या नावावरची स्वस्त बॅरल दुसरीकडे फिरतील आणि तपासणीचा जाच खऱ्या वापरणाऱ्याला होईल.

रबाळे_कोटिंग
सध्या १९ किलोचे सिलिंडर लावून चालेल का?

भट्टी_महापे
१,२०० किलो म्हणजे २५ दिवस, रोज १० तास धरून तासाला जवळपास ५ किलो. एका १९ किलोच्या सिलिंडरमधून आपसूक अर्धा-पाऊण किलोच वाफ निघते. जास्त ओढलं की बाहेर बर्फ धरतो, दाब पडतो, बर्नर ट्रिप होतो आणि हँगरवरचा अख्खा लॉट अर्धवट क्युअर होतो. मॅनिफोल्डवर (अनेक सिलिंडर जोडणाऱ्या पाइपवर) ८ सिलिंडर एकदम लावले तर १५२ किलो होतात, आणि १०० किलोच्या वर साठ्याला पेसोचं (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) लायसन लागतं. गेटवर पीएनजीची (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूची) लाइन असेल तर तीच घ्या, फक्त करारातली किमान उचल तुमच्या मंद महिन्याच्या खपाइतकीच लिहून घ्या.