शब्दचर्चा: पॉलिमर आणि सर्फॅक्टंट यांची ‘अभिक्रिया’ की ‘आंतरक्रिया’?

कोशकिडा: एका लेखाचं भाषांतर तपासतोय. पाण्यात पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) आणि सर्फॅक्टंट (साबणासारखे, पृष्ठताण उतरवणारे पदार्थ) एकत्र असले की पृष्ठभागावर काय घडतं, हा विषय. अनुवादकाने सगळीकडे ‘अभिक्रिया’ लिहिलंय. मला खटकतंय, पण उगाच कीस काढतोय असंही व्हायला नको.

रसायनी: कीस काढाच. अभिक्रिया म्हटलं की जुने बंध तुटतात, नवे जुळतात, वेगळा पदार्थ तयार होतो. इथे सहसा तसलं काहीच होत नाही. सर्फॅक्टंटच्या रेणूचं डोकं जलस्नेही, शेपूट जलद्वेषी. शेपटाला पाणी नको, म्हणून हे रेणू पृष्ठभागाकडे धावतात. संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, पुरेशी वाढली की पाण्यातच शेपट्या आत दडवून पुंजके करतात, म्हणजे मिसेल. पॉलिमरची लांब साखळी हाताशी असेल तर हेच पुंजके तिच्या आधाराने आणि लवकर बनतात. द्रावण पातळ केलं की बहुतेक वेळा सुटूनही जातात. ‘आंतरक्रिया’ लिहा, ‘अन्योन्यक्रिया’ही चालेल.

कोशकिडा: मग हे वाक्य बघा: ‘पॉलिमर असताना पृष्ठताण मध्येच स्थिर होतो, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली.’

रसायनी: अरे देवा. इथे शब्द नाही, अर्थच उलटा झालाय. पूर्ण कसली, तिथे तर सुरुवात होते!

नेहमीचं उदाहरण पॉलिइथिलीन ऑक्साइड (पॉलिमर) आणि सोडियम डोडेसिल सल्फेट (सर्फॅक्टंट) यांचं. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५° से.ला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन. नुसतं सल्फेट घालत गेलात तर तो घसरत जातो आणि सुमारे ८ मिलिमोलर संहतीला, मिसेल बनू लागल्यावर, थांबतो. सोबत पॉलिमर असेल तर आलेखाला दोन वळणं येतात. पहिलं साधारण ४ ते ५ मिलिमोलरला. तिथून पुढे घातलेलं सल्फेट पृष्ठभागाकडे न जाता आत साखळ्यांवर बसतं, म्हणून पृष्ठताण जवळपास हलत नाही. साखळ्या भरल्या की तो पुन्हा थोडा उतरतो आणि मोकळे मिसेल बनू लागले की कायमचा थांबतो. पहिल्या वळणाला ‘क्रांतिक पुंजन संहती’ म्हणा. ‘क्रांतिक मिसेल संहती’, म्हणजे नुसत्या सर्फॅक्टंटचे मिसेल बनू लागतात ती, वेगळी, दोन्ही एकच समजू नका.

शब्दखोर: मध्येच घुसतो. त्याच लेखात ‘पृष्ठभागावर शोषण’ असेल तर तेही बदला. शोषण म्हणजे आत मुरणं. पृष्ठभागावर थर धरणं ते अधिशोषण. इंग्रजीतही यासाठी वेगळा शब्द आहे.

कोशकिडा: आहे, अकरा ठिकाणी! आणि ‘सर्फॅक्टंट’ला ‘पृष्ठक्रियाकारक’ करू का?

शब्दखोर: पहिल्यांदा एकदा द्या, पुढे सर्फॅक्टंटच राहू द्या. पॉलिमरच्या ‘बहुवारिक’चंही तसंच. ‘बहुवारिक-पृष्ठक्रियाकारक-आंतरक्रिया’ वाचताना जीभ अडखळते आणि कोणाचं भलंही होत नाही.

रसायनी: सहमत. पण विरुद्ध भारांचा भाग लेखात असेल तर तिथे जास्त जपा. पॉलिमर ऋणभारित, सर्फॅक्टंट धनभारित, अशी जोडी अगदी थोड्या संहतीलाच पृष्ठताण खाली आणते, कारण दोघं मिळून पृष्ठभागावर थर धरतात. मग भार एकमेकांना खाऊन टाकतात, साका बसतो, पृष्ठभागाला पुरवठा कमी पडतो आणि पृष्ठताण चक्क परत वर चढू शकतो! साका सावकाश बसतो, त्यामुळे ताज्या द्रावणाचा आणि काही दिवस ठेवलेल्या द्रावणाचा आलेख वेगळा निघू शकतो.

कोशकिडा: हो, आहे तो भाग. तिथे अनुवादकाने ‘पृष्ठताण वाढला, म्हणजे संयुग तुटले’ असं जोडलंय.

रसायनी: खोडा. तुटलं नाही, खाली बसलं. आणि ‘संयुग’ही नको, ते खऱ्या बंधांच्या पदार्थासाठी राखून ठेवा. ‘संकुल’ लिहा. थरात कोण किती आहे हे पृष्ठताणाच्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी न्यूट्रॉन परावर्तनासारखी (पृष्ठभागावरून न्यूट्रॉन परावर्तित करून थर तपासणारी) मोजणी लागते. तेव्हा अनुवादकाने मूळ लेखात नसलेला ‘म्हणजे’ कुठे घुसवलाय, तेवढं शोधा.

कोशकिडा: शेवटचं. पृष्ठताण ‘तो’ की ‘ते’? लेखात दोन्ही आहेत.

शब्दखोर: ताण ‘तो’, म्हणून पृष्ठताणही ‘तो’.