मदत हवी आहे : गच्चीवरील विनामशागत ग्रो बॅगांची माती पावसाळ्यानंतर दबली आहे, ओतून काढावी का?

नमस्कार. कोल्हापुरात आमच्या गच्चीवर मी १८ बाय १८ इंची एचडीपीई ग्रो बॅगांमध्ये जवारी मिरची, वांगी आणि टोमॅटो लावते. एकदा भरलेली माती पुन्हा उपसायची नाही, खुरप्याने हलवायची नाही, पीक संपले की बुंधा मातीलगत कापून मुळे आतच कुजू द्यायची आणि त्याच्या शेजारी पुढचे रोप लावायचे, अशा पद्धतीचे हे दुसरे वर्ष आहे. पहिल्या वर्षी पीक समाधानकारक आले. यंदाच्या पावसाळ्यानंतर मात्र मातीची जी अवस्था झाली आहे तिच्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कुंडीतील विनामशागत मातीविषयी इंग्रजीत जे तपशीलवार लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे अमेरिका आणि कॅनडातील गांजा पिकवणाऱ्यांचे आहे. कॅनडात २०१८ पासून प्रौढांना कायद्याने मुभा आहे आणि अमेरिकेतील अनेक राज्यांतही आहे, त्यामुळे तिकडचे लोक आपापल्या मिश्रणांची मापे उघडपणे मांडतात. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचे झाड लावणे हा गुन्हा आहे. माझा प्रश्न भाजीपाल्याचाच आहे, परंतु मातीची कृती मूळची त्यांची असल्यामुळे ती सांगणे आवश्यक वाटते. एक तृतीयांश पीट मॉस (दलदलीत कुजलेले शेवाळ), एक तृतीयांश गांडूळखत किंवा चांगले कुजलेले कंपोस्ट, आणि एक तृतीयांश प्युमिस, परलाइट किंवा भाताचे तूस, म्हणजे मातीत हवा खेळती ठेवणारा पदार्थ, असे हे मिश्रण असते. त्यात दर घनफुटाला, म्हणजे सुमारे २८ लिटरला, निंबोळी पेंड आणि समुद्री शेवाळाची पूड प्रत्येकी अर्धा कप आणि खडकाची भुकटी काही कप घालतात. वरून आच्छादन, आत गांडुळे आणि दोन पिकांच्या मध्ये शेंगवर्गीय हिरवळ, एवढे झाले की माती वर्षानुवर्षे तीच वापरता येते, असे त्यांचे म्हणणे आहे.

मी पीटऐवजी धुतलेले कोकोपीट घेतले. गांडूळखतात निम्मे जुने शेणखत मिसळले, तिसरा हिस्सा तुसाचा ठेवला आणि खडकाच्या भुकटीऐवजी खडी क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक पूड वापरली. आच्छादनाला उसाचे पाचट आहे, कारण आपल्या जिल्ह्यात त्याच्याइतके सहज दुसरे काही मिळत नाही. हिरवळ म्हणून मेथी आणि चवळी टाकते.

माझ्या मते अडचणीचे मूळ असे आहे की ती कृती छपराखाली वाढणाऱ्या झाडांसाठी लिहिलेली आहे. त्यांच्याकडे पाणी माणूस मोजून घालतो आणि पंख्याने हवा कोरडी ठेवली जाते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बॅगा उघड्यावर असतात आणि जुलैमध्ये दिवसदिवस झड लागते, तेव्हा किती पाणी घालायचे हा निर्णय आपल्या हातात राहतच नाही.

आता प्रत्यक्ष स्थिती सांगते. सर्व बॅगांतील पातळी चार बोटे खाली गेली आहे. पाचट बाजूला केले की वरचा थर उत्तम दिसतो. माती भुसभुशीत आहे, काळसर तपकिरी ढेकळांना पांढरे बुरशीचे तंतू चिकटलेले आहेत आणि गांडुळांची विष्ठा जागोजागी दिसते. परंतु कडेने हात खुपसून सात-आठ इंच खाली गेल्यावर माती एकदम गार आणि लिबलिबीत लागते, आणि हात बाहेर काढल्यावर साचलेल्या गटारासारखा वास येतो. मूठभर माती काढून दाबली तर पाणी गळते. त्यात तुसाचा आकार ओळखूही येत नाही, त्याचा लगदा झाला आहे. खालच्या भागात एकही गांडूळ नाही.

मिरचीची जुनी पाने हिरवी आहेत, पण शेंड्याची नवी पाने पिवळी पडत असून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाऊस थांबल्यापासून बोअरचे पाणी देत आहे. ते जड आहे, नळाभोवती पांढरा थर धरतो. शिवाय एका बॅगेत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या सापडल्या. उसातल्या हुमणीने आपल्याकडे जे नुकसान होते ते सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे शेणखतातून तीच आली असावी अशी भीती वाटते.

घरच्यांचे आणि रोपवाटिकेतील माळीकाकांचे म्हणणे आहे की सगळी माती गच्चीवर पसरून चांगले ऊन द्यावे, नवे शेणखत मिसळावे आणि पुन्हा भरावी. तसे करणे मला पटत नाही. वरच्या थरात जी बुरशीची जाळी आणि मुळांनी पाडलेल्या वाटा तयार झाल्या आहेत, त्या एका दिवसाच्या उन्हात आणि खोऱ्याने नष्ट होतील. आपल्याच कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी जमिनीत राहिलेल्या मुळांचे आणि सूक्ष्मजीवांचे महत्त्व वर्षानुवर्षे मांडले आहे, आणि नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या विनानांगरणी भातशेतीच्या सगुणा तंत्रातही भाताची मुळे जमिनीतच ठेवतात. मात्र शेतात मुळाखाली आणखी जमीन असते आणि पाणी खाली जिरत राहते. बॅगेला तळ असतो. जे शेताला लागू आहे ते तळ असलेल्या भांड्याला कितपत लागू आहे, याचे उत्तर मला कुठेही समाधानकारक मिळालेले नाही.

तेव्हा माती न ओतता खालच्या थरात हवा कशी पोहोचवावी? खाली गेलेली पातळी वरून भरताना काय घालावे, की जे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लगदा होणार नाही? पाने पिवळी पडण्याचे कारण बोअरचे पाणी असेल की खालचा चिखल? अळ्यांचे काय करावे? माझ्याकडे जीवामृत तयार आहे, ते आता द्यावे का, हेही सांगावे. ज्यांनी कोल्हापूर, सांगली किंवा कोकणाच्या पावसात अशा बॅगा सांभाळल्या आहेत त्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद

ताई, माती ओतू नका, आणि जीवामृत तर सध्या मुळीच देऊ नका. त्यातल्या गुळामुळे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि वाढताना प्राणवायू वापरतात. खालचा थर आधीच गुदमरलेला असताना त्याला गूळ-बेसन देणे म्हणजे वास वाढवणे आहे. आपल्या भागात गूळ हाताशी असल्याने लोक तो सढळ हाताने वापरतात, पण कोरड्या शेतातले माप ओल्या बॅगेला चालत नाही.

कोणत्याही भांड्याच्या तळाशी काही इंचांचा थर पाण्याने भरलेलाच राहतो, कारण मातीतील बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात. भोके असली तरी ते उतरत नाही, आणि तळात खडे घातल्याने तो थर फक्त वर सरकतो. उपाय असा की बॅगा विटांवर उचलून ठेवाव्यात, तळापासून दोन बोटे वर बाजूने भोके पाडावीत आणि तळाच्या भोकातून जाड सुती दोरी वीतभर आत सारून तिचे टोक खाली लोंबते ठेवावे. दोरी वातीसारखी पाणी ओढून खाली टाकते. त्यानंतर बुंध्यापासून दूर, कडेकडेने, बोटाएवढ्या सळईने तळापर्यंत चार-पाच भोके पाडून त्यांत विटांचा जाडसर चुरा भरावा. एवढ्याने वरची जाळी मोडत नाही. वीट कुजत नाही. तूस कुजते, आणि पातळी खाली जाण्याचे मुख्य कारण तेच आहे. वरून भरताना निम्मे गांडूळखत आणि निम्मा विटांचा किंवा जांभ्याचा चुरा असे दोन इंचच घाला आणि बुंध्याभोवती तीन बोटे जागा मोकळी ठेवा. पुढच्या जुलैत पाचटाचा थर विरळ करावा.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मातीत लोह असेलही, पण गुदमरलेली मुळे ते उचलत नाहीत, आणि जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढला की ते आणखी अडते. म्हणून आधी पाणी उतरू द्या आणि त्यानंतर फुटणारी पाने पाहा. ती हिरवी आली तर दुसरे काही करण्याची गरज नाही. तरीही पिवळी आली तर लिटरला दोन ते तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्धा ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून संध्याकाळी फवारावे. चुलीची राख मात्र घालू नये, तिने सामू आणखी वाढतो.

अळी सपाट फरशीवर ठेवून पाहा. पाठीवर उताणी होऊन सरपटत गेली तर ती कुजलेले खाणारी फुलभुंग्याची अळी आहे, तिच्यापासून मुळांना धोका नाही. पायांवर चालू लागली किंवा कुशीवर वळून पडून राहिली तर हुमणी समजावी; ती वेचून नष्ट करावी आणि अळ्यांना मारणारी मेटाऱ्हायझियम बुरशी मातीत द्यावी. बॅगेतल्या पाण्याचा निचरा झाल्यावरच ही बुरशी द्या.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. अळ्या फरशीवर ठेवून पाहिल्या. सगळ्या उताण्या होऊन सरपटत गेल्या, त्यामुळे त्या पुन्हा बॅगेत सोडल्या आहेत. दोरीचा उपाय आजच एका बॅगेला केला असून दोरीच्या टोकाशी थेंब धरू लागले आहेत. एक शंका राहते. ज्या बॅगेत मिरची फुलावर आहे तिच्यात सळईने भोके पाडताना मुळे तुटणारच. तिथे आता फक्त दोरी आणि बाजूची भोके करून सळईचे काम तोडणी संपेपर्यंत पुढे ढकलले, तर तोपर्यंत खालच्या थरातली मुळे तग धरतील का?