नकाशावरच्या 'पाय चार्ट'ला मराठीत काय म्हणाल?

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरवर मराठीत टिपण लिहितोय. त्यात नकाशावर जिल्ह्याजिल्ह्याला एकेक पाय चार्ट, म्हणजे हिश्शांनुसार भाग पाडलेलं वर्तुळ, बसवता येतो. या प्रकाराला शब्द हवाय. 'पाय-नकाशा' लिहिलं, तर बायको म्हणाली, कुणाचे पाय?

– पाय चार्टला गणिताच्या पुस्तकात 'वृत्तालेख' आहे, भूगोलवाले 'विभाजित वर्तुळ' म्हणतात. पण 'विभाजित वर्तुळ नकाशा' म्हटलं की विभागलंय काय, वर्तुळ की नकाशा, हेच कळत नाही. आकड्यांनुसार फिकट-गडद रंगवलेल्या नकाशाला 'क्षेत्रघनी नकाशा' रुळलाच आहे, त्याच्या शेजारी 'वृत्तालेखी नकाशा' शोभेल. एकेका भागाला 'वर्तुळपाकळी' हा भूमितीतला शब्द तयार आहे.

– पाकळी गोड आहे, पण मला भाकरी जवळची. फ्रेंच लोक या चार्टला त्यांच्या चीजवरून 'कामाँबेर' म्हणतात. आपल्याकडे तर पाव हिश्शाला 'चतकोर' आयताच आहे! गंमत सोडा, नकाशावर असे वृत्तालेख मांडले तेही एका फ्रेंच माणसानेच. शार्ल जोसेफ मिनार, 1858. पॅरिसला कुठल्या प्रांतातून किती मांस येतं, ते वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून. गोमांस किती, मटण किती, ते पाकळ्यांवरून.

– खरी अडचण पुढेच आहे. नकाशावर वर्तुळ लहानमोठं असण्यालाही अर्थ असतो, आणि आपण बिनधास्त लिहितो 'वर्तुळांचा आकार वेगवेगळा'. अहो, आकार गोलच आहे सगळ्यांचा! 'आकारमान' लिहावं तर विज्ञानात ते घनफळाकडे जातं. सरळ 'क्षेत्रफळ' लिहा. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्हा सुमारे 31 लाख, उपनगर सुमारे 94 लाख, म्हणजे तिप्पट. सॉफ्टवेअरमध्ये 'एरिया'ऐवजी 'डायमीटर' निवडलंत तर व्यास तिप्पट होतो आणि क्षेत्रफळ नऊपट. बघणाऱ्याला वाटणार, शहरात माणसंच उरली नाहीत.

– मूळ प्रश्नकर्ता: माझं नेमकं हेच झालंय, डायमीटरच निवडलं होतं. 'वृत्तालेखी नकाशा', 'वर्तुळपाकळी' आणि 'क्षेत्रफळ' घेतले. आता उपनगराचं वर्तुळ शहराच्या वर्तुळावर चढतंय, त्याला 'अतिव्यापन' लिहू का?

– नको. 'चढतंय' लिहिलंत ना आत्ता? तेच ठेवा.